पाचवी खाच

गतिरोधक आला की मागचं मडगार्ड चाकाला घासायचं आणि लेक गाडीवर बसल्या बसल्याच ओशाळायची. मोटरसायकल बाबांची. नव्या नोकरीवर रोज एकटीला लांब जायचं, म्हणून आठवड्यापूर्वी त्यांनी चावी तिच्या हातात ठेवली होती. आज दोघं गॅरेजमध्ये आले होते.

"गाडी बिचारी काय करेल?" बाकावर टेकता टेकता बाबा मिस्त्रीला म्हणाले. "आमच्या घरातली माणसंच वजनदार."

लेक हसली, पण कसनुशी. ही थट्टा ती लहानपणापासून ऐकत आली होती. थट्टा करणारा माणूस तिच्याहून जाडजूड, एवढाच काय तो दिलासा.

"ताई, वजन खरं सांगा हं," मिस्त्री म्हणाला. "चार किलो लपवलेत तरी स्प्रिंगला कळतं."

"ब्याण्णव," ती एका दमात म्हणाली. सुटली एकदाची.

मिस्त्रीने तिला गाडीवर बसवलं, टेप लावून मागची बाजू किती दबते ते मोजलं आणि भुवया उंचावल्या. मग तो शॉकअपपाशी गुडघे टेकून वाकला. स्प्रिंगखालच्या कड्याला पाच खाचा होत्या. कडं जितक्या वरच्या खाचेत, तितकी स्प्रिंग कडक.

"हे पहिलीत कसं आलं? मी स्वतः पाचवीत लावून दिलं होतं. काका शंभराच्या घरातले, तुम्ही ब्याण्णव. तुम्हाला तर काही बदलायची गरजच नव्हती." त्याने कड्यावरून बोट फिरवलं. "पाना निसटल्याचे ओरखडे आहेत. चौथीपाशी गंज धरलेले, पहिलीपाशी अगदी ताजे. हे एका दिवसात नाही केलेलं. एकेक खाच उतरवलीय कुणीतरी."

म्हणजे दोष आपल्या वजनाचा नव्हता! लेकीला क्षणभर हायसं वाटलं. मग तिने मान वळवून बाकाकडे पाहिलं. भर उन्हाचा बाबांनी स्वेटर घातला होता. शर्टाची कॉलर आणि मान यांच्यामध्ये तिची मूठ मावली असती. रोज समोर असलेला माणूस, म्हणून दिसलंच नव्हतं.

"बाबा, हे तुम्ही केलंत?"

"अगं, धक्के बसायचे. हाडांना लागायचं." बाबा चष्मा पुसायला लागले. "एक खाच सैल केली की महिना-दीड महिना बरा जायचा. मग पुन्हा तेच."

"कधीपासून?"

"झाले असतील सहा-सात महिने. उगाच घर कशाला डोक्यावर घ्यायचं?"

लेक गाडीवरून खाली उतरली.

मिस्त्री पाना हातात धरून खोळंबला होता. "पाचवीत बसवू ना?"

"बसवा," ती म्हणाली. "आणि बाबा, आपण इथून सरळ डॉक्टरांकडे जातोय."

"आज? तुझं काम..."

"आज."

बाबा बाकाला धरून सावकाश उठले.

मिस्त्रीने दोन्ही बाजूंची कडी फिरवून पाचव्या खाचेत बसवली. लेकीने गाडी रस्त्याकडे तोंड करून उभी केली, सुरू केली. मागे माणूस बसला की गाडी दबते, एका अंगाला कलते, म्हणून तिने दोन्ही पाय रोवले, हँडल घट्ट धरलं आणि वाट पाहिली. इंजिन थरथरत होतं. गाडी काही दबली नाही.

"बाबा, बसताय ना?" तिने पुढे बघतच विचारलं.

"केव्हाचा बसलोय," बाबा तिच्या कानाशी म्हणाले.