धक्क्यावरची बाई

भाच्याने सिनेमा काढला. खिशात पैसे बेताचेच, म्हणून जहाज सुटण्याचा प्रसंग त्याने जुन्या बातमीपटातून घेतला. पडद्यावर जहाज हललं आणि कठड्याशी चक्क आमचे हे दिसले. आमचं नुकतंच लग्न झालं होतं, तेव्हाचे. खलाशाच्या कपड्यांत, धक्क्याकडे बघून हात करत होते. लगेच धक्क्यावरची एक देखणी बाई दिसली, रुमाल हलवणारी.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सिनेमा संपताच मी ह्यांना गाठलं.

"कोण ही सटवी?"

"अगं, जन्मात पाहिली नाही हिला."

"म्हणूनच बत्तीशी बाहेर आली होती वाटतं."

भाचा पोट धरून हसला. "मावशी, काकांवर उगीच आळ घेऊ नकोस. ती बाई दुसऱ्याच बंदरातली आहे. दोन वेगळे तुकडे मी जोडलेत."

ह्यांचा जीव भांड्यात पडला. माझाही पडला, पण घरी पोचेपर्यंतच.



"अहो, धक्क्यावर बायकामाणसांनी येऊ नये म्हणत तुम्ही मला कधी नेलंच नाहीत. मग हात कुणाला करत होतात?"