वीरभद्र सरांची स्पॅनिश बॅच

"माझ्याकडून फक्त स्पॅनिशमधले सवाल पाठ करून घ्या, बाई. जवाब घेऊन काय करायचं?" वीरभद्र सर खुर्चीत रेलून म्हणाले.

रजियानं मान डोलावली. सरांच्या क्लासचं नाव ऐकून लोक गावाकडच्या घराला कुलूप घालत आणि पोरांसाठी लातुरात भाड्यानं राहायला येत. असे सर तिच्या दोन खोल्यांत आले होते. का, तर स्पेनला जायचंय. तिथं इंटरनेट कुठं मिळेल, बस कुठून सुटते, मुदखेडला बदलतो तशी गाडी मधेच बदलावी लागते का, एवढं विचारता आलं की झालं.

किल्लारीच्या भूकंपानंतर परदेशी डॉक्टरांचे तंबू शेजारीशेजारी लागले होते, कुणी स्पेनचे, कुणी पोलंडचे. रजिया तिथं पट्ट्या बांधता बांधता दोघांसारखंही बोलायला शिकली. तेव्हापासून लोकांनी तिला स्पॅनिशवाली करून टाकलं.

ती बोलायची. सर देवनागरीत लिहून घ्यायचे आणि घोकायचे. घोकण्यात माणूस वाघ होता.

आतल्या खोलीतून तिचा थोरला भाऊ मकबूल सगळं ऐकायचा. पत्र्याच्या शेडमध्ये भूकंपातल्या पोरांना गणित शिकवायला सुरुवात केली ती मकबूलनं. वीरभद्र तेव्हा त्याच्या हाताखाली होता. त्यानं मकबूलचं शिकवणं शब्दन्‌शब्द पाठ केलं, समोरच स्वतःचा क्लास काढला आणि मकबूल पेपर फोडतो अशी आवई उठवली. बघता बघता शेड ओस पडलं. मकबूलनं पुन्हा खडूला हात लावला नाही. वीरभद्रचा आवाज जरी कानावर आला तरी रजियाच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"कायकू सिखारी उसे?" एकदा मकबूलनं विचारलंच.

"सीखने दो, भाईजान." ती भाजी निवडत राहिली.

स्पेनला कुणीच गेलं नाही. महिन्याभरानं चौकात भला मोठा फलक लागला, 'मराठवाड्यात प्रथमच! वीरभद्र सरांची स्पॅनिश बॅच.' मकबूल तो वाचून आला आणि जेवलाच नाही.

"फिर लूट के ले गया," एवढंच म्हणाला.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, हे रजिया ओळखून होती. उद्‌घाटनाला स्पेनच्या डॉक्टरीणबाई येणार होत्या. भूकंपात तंबूत राबलेल्या त्या बाई किल्लारी बघायला परत आल्या होत्या, सरांनी त्यांना बरोबर गाठलं. पण सरांना जवाब कुठं कळणार? म्हणून दुभाषी म्हणून बोलावणं आलं ते रजियालाच. तिनं मकबूलला बळंच सोबत नेलं आणि पहिल्या रांगेत बसवलं.

हॉल खच्चून भरला होता. सरांनी माइक घेतला, बाईंकडे वळले आणि एका दमात सगळे सवाल म्हणून दाखवले. इंटरनेट झालं, बस झाली, गाडी बदलायची झाली. कुठंही अडखळले नाहीत. पालकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

डॉक्टरीणबाई सरांकडे नवलानं बघत राहिल्या. मग हसून रजियाशी काहीतरी बोलल्या.

"काय म्हणायल्यात? सांगा की समद्यांना!" सरांनी खुशीत माइक तिच्या हाती दिला.

रजियानं पदर सावरला. "बाई म्हणतात, सर पोलिश लई छान बोलतात. स्पॅनिश कधी शिकवणार?"