वहीतलं एकच नाव

बायको दरीत गेली, तर बेकरी त्याची होणार होती. बेकरी आणि तिच्या वरच्या तीन खोल्या. पण सगळ्यात मोठी मिळकत म्हणजे 'जावईबुवा' हे नाव एकदाचं पुसलं जाणार होतं. सासरे जाऊन वर्ष झालं, तरी भट्टीवरचा एकही कामगार त्याला मालक म्हणायला तयार नव्हता. "जावईबुवा, जरा बाजूला सरा, ट्रे गरम आहे." अठरा वर्षं तो बाजूलाच सरत आला होता. त्याचा राग तो वर जाऊन बायकोवर काढायचा. मागे तिचं मनगट मोडलं, तेव्हा डॉक्टरांना तिनंच सांगितलं, पिठाचं पोतं पडलं म्हणून.

आता माथ्याखालच्या वळणावर, एका मोठ्या दगडाआड, तो दबा धरून बसला होता. खालून ती एकटी चढत येत होती. तिच्या काठीचा आवाज जवळ येत होता. टक्. टक्.

हा डोंगर त्यानंच तर निवडून दिला होता. "आयुष्यात एकदा एकटीनं डोंगर चढायचाय," असं ती महिन्यापूर्वी म्हणाली आणि तिनं टेबलावर तीन माहितीपत्रकं मांडली. "अहो, तुम्हीच सांगा, कुठला घेऊ?" पहिल्या डोंगरावर जत्रेसारखी गर्दी. दुसऱ्यावर वाटाड्या सक्तीचा. तिसऱ्यावर या दिवसांत चिटपाखरू नाही, फोन लागत नाही आणि वरची वाट दोन पावलांएवढी रुंद. पायथ्याच्या चौकीत फक्त एक वही. चढताना नाव लिहायचं, उतरल्यावर पुढे खूण करायची. सगळे उतरले की संध्याकाळी एक लांब घंटा. कुणी राहिलं तर भोंगा, आणि माणसं दोर घेऊन निघतात.

"ज्यांची नोंद नाही, त्यांचा शोध घेतला जात नाही," ही खालची ओळ तिनं मोठ्यानं वाचली. मग पुन्हा एकदा वाचली. त्याला वाटलं, घाबरली.

"हाच घे," तो म्हणाला. "तुला तेवढाच झेपेल."

कामगारांना त्यानं सांगितलं, पिठाच्या गिरण्या बघायला चाललोय. गिरण्या नेमक्या उलट्या दिशेला होत्या. मग अंधारातच चौकीमागच्या झाडीतून तो वर सरकला. वहीत नाव नाही, म्हणजे तो डोंगरावर नाहीच. इतका चोख विचार त्यानं बेकरीसाठी कधी केला नव्हता.

ती वळणावर आली. तो दगडाआडून पुढे झाला. ती किंचाळली नाही. फक्त काठी थांबली.

"अहो, खाली वहीत नाव लिहिलंत?"

"मी काय खुळा आहे?"

"नक्की नाही ना लिहिलंत?"

त्यानं मुठीतला दगड तिच्या कपाळावर हाणला. भुवई फाटली. रक्त डोळ्यांत उतरलं आणि ती गुडघ्यांवर आली. त्यानं तिचे केस मुठीत धरले आणि तिला कडेकडे ओढलं. तिनं त्याच्या हाताला दात लावले आणि हाड लागेपर्यंत सोडले नाहीत. त्यानं बोंब मारून दुसऱ्या हातानं तिचा गळा धरला. तिनं ते मनगट पकडलं.

इथे त्याचा हिशोब चुकला. अठरा वर्षं तो गल्ल्यावर बसला होता आणि ती भट्टीपाशी पन्नास किलोंची पोती उचलत होती, पावाचं पीठ मळत होती. तिनं मनगट पिळलं. कट् असा आवाज झाला. त्यानं तिच्या पोटात लाथ घातली. ती कळवळली, पण काठी तिच्या हातात तशीच होती. पहिला फटका त्याच्या गुडघ्यावर बसला. दुसरा त्याच गुडघ्यावर. तिसऱ्याच्या वेळी तो वाटेवर नव्हता.

पंचवीस फूट खाली एका कपारीनं त्याला झेललं. मांडीचं हाड पँट फाडून बाहेर आलं होतं.

"अगं, मेलो! लवकर उतर! माणसं पाठव!"

वर तिनं बाटलीतल्या पाण्यानं डोळे धुतले. मग कडेवरून वाकून पाहिलं. लग्नापासून ती त्याला अहो-जाहो करत आली होती.

"कुणासाठी पाठवू रे? वर तर मी एकटीच आलेय."

काठीचा आवाज उतरत गेला.

दिवसभर तो कपारीत पडून विचार करत राहिला. बायकोच ती, विरघळेल. नाही विरघळली, तरी चौकीदार तिचं फुटलेलं कपाळ बघेलच. विचारेल, बाई, हे काय झालं? मग त्याला ते पिठाचं पोतं आठवलं. ती सांगेल, दगड पडला. असं सांगायची सवय तिला त्यानंच तर लावली होती.

ऊन कललं. खालून आवाज आला, तेव्हा त्यानं श्वास रोखला आणि तो भोंग्यासाठी कान देऊन राहिला.

घंटा होती. एकच, लांब.

चढलेलं नाव एक, उतरलेलं नाव एक. चौकीचा हिशोब एका माणसानंही चुकला नव्हता.