उणे चोवीसमध्ये धुतलेली गाडी

वीस वर्षांचा संसार मोडून येफिम दुसऱ्या बाईकडे राहायला निघाला होता. तिच्या दारात ऐटीत उतरता यावं म्हणून आदल्या संध्याकाळी त्यानं गाडी चकचकीत धुऊन आणली आणि सायबेरियातल्या ओम्स्क शहराच्या उणे चोवीस अंशांच्या थंडीत तशीच ओली अंगणात उभी केली. सकाळी बॅग घेऊन खाली आला, तर चारही दारं बर्फानं गच्च चिकटलेली. किल्लीसुद्धा कुलपात शिरेना. मग तो वर जाऊन उकळत्या पाण्याची किटली घेऊन आला.

त्याची झटापट खिडकीतून बघून शेवटी बायको, लारिसा, स्वतःच खाली आली. येताना स्वयंपाकघरातून लांब वायर सोडून हेअर ड्रायर आणला होता. आधी तिनं त्याच्या हातातली किटली हिसकावली.

"काच तडकेल ना! थंडीत गाडी धुतली की दारांची रबरं कोरडी करायची, दारं चारदा उघडझाप करायची. किती वर्षं सांगतेय तुला?"

बोटं गारठली तरी ती वीस मिनिटं कुलपावर आणि दाराच्या फटींवर गरम वारा मारत राहिली. येफिमला गलबलून आलं. हिला आपण सोडून चाललोय, आणि ही आपल्यासाठी थंडीत कुडकुडतेय!

कट्कन दार उघडलं.

"लारा," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "बॅग परत वर नेऊ का गं?"



"वर ने, नाहीतर बसनं घेऊन जा," स्टिअरिंगमागे बसत लारिसा म्हणाली. "गाडी माझ्या नावावर आहे, आणि मला कामावर जायला उशीर होतोय."