सहा वर्षांचा फोन

"हा बघा, काका. सहा वर्षं हलणार नाही," म्हणत विक्रेत्याने तिसरा फोन काउंटरवर ठेवला. वडिलांनी तो उचलला नाही. एका बोटाने जरासा मागे सारला.

मुलीने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. त्यावर तक्ता होता. तीन फोन, तिन्ही मधल्या किमतीचे. बॅटरी किती वेळा चार्ज केल्यावर दमते, कंपनी किती वर्षं अपडेट देणार, काच किती उंचीवरून पडली तरी वाचते. ती प्रयोगशाळेत काम करायची. धातू कसे थकतात आणि कुठून तुटतात, हे मोजायचं तिचं काम. फोनही तिने तसेच मोजले होते. एक दोन वर्षांचा निघाला, एक चार वर्षांचा आणि एक हा. तिच्या लेखी प्रश्न सुटला होता.

वडिलांच्या लेखी नव्हता. दोन वर्षांवाला हातात बरा बसतो, असं ते दुसऱ्यांदा म्हणाले. सहा वर्षांवाला जड लागतो. तिने तक्त्यातून वाचून दाखवलं, फरक बत्तीस ग्रॅमचा आहे. चाळीस वर्षं लेथवर लोखंड चढवलेल्या माणसाला बत्तीस ग्रॅम जड होतात, हे ऐकून विक्रेत्यालाही हसू आलं.

पाच वर्षांतला हा चौथा फोन. पहिला पाण्याच्या बादलीत पडला. दुसरा गच्चीच्या कठड्यावरून. तिसऱ्याची काच गेल्या आठवड्यात टेबलावरून पडून फुटली. दर वेळी तेच व्हायचं. रविवारी तिच्या फोनला उत्तर यायचं नाही, सोमवारीही यायचं नाही. एकट्या माणसाने फोन उचलला नाही की मन चिंती ते वैरी न चिंती. ती रजा टाकून, आठ तासांचा प्रवास करून दारात उभी राहायची. वडील दार उघडायचे, चांगले धडधाकट. मग ती दोन दिवस राहायची. नवा फोन घ्यायची, अक्षरं मोठी करून द्यायची, नंबर भरायची, फोटो कसा पाठवायचा ते शिकवायची. माणूस हुशार, पण एवढं एक मात्र त्यांना दर वेळी पहिल्यापासून शिकवावं लागायचं.

ज्याच्या हाताखाली चाळीस वर्षं यंत्रं टिकली, त्याच्या हातात फोन का टिकू नये, असं तिने एकदा वैतागून विचारलं होतं. यंत्रं निमूट असायची, फोन सारखा बडबडतो, एवढंच उत्तर मिळालं.

या खेपेला टिकाऊ फोन घेतल्याशिवाय तिला निघता येणार नव्हतं. पुढच्या महिन्यात ती परदेशातल्या एका प्रयोगशाळेत रुजू होणार होती, सहा वर्षांसाठी. तिथून बादलीत पडलेल्या फोनसाठी धावत येणं शक्य नव्हतं. काल जेवताना तिने हे सांगितलं. छान झालं, असं वडील म्हणाले. नंतर ताटात उरलेले चार घास संपवायला त्यांना बराच वेळ लागला.

"काका, हा घेतलात की सहा वर्षं कुणाला तुमच्याकडे फिरकायची गरज नाही," विक्रेता म्हणाला.

वडिलांनी दोन वर्षांवाला पुन्हा हातात घेतला. आपल्याला हाच बरा, म्हणाले.

मुलीचा आवाज चढला. हट्टाला काही सीमा असते, म्हणाली. तिकडे बसून तिने रोज जिवाला घोर लावून घ्यायचा का, असंही विचारलं. बोलणं लांबतंय हे पाहून विक्रेत्याने मध्येच जुन्या फोनचा विषय काढला. बदल्यात द्यायचा असेल तर दाखवा, म्हणाला. राहू दे, फुटक्याला कोण विचारतो, असं वडील घाईने म्हणाले. पण तो तिच्या पर्समध्येच होता.

विक्रेत्याच्या हातात देण्याआधी तिने तो दिव्याखाली धरला. ही तिची सवय होती. तुटलेली कुठलीही वस्तू हातात आली की तडा सुरू कुठून झाला, हे ती आधी बघायची. पडलेला फोन बहुधा कोपऱ्यावर किंवा कडेवर आपटतो, तडे तिथून आत धावतात. याचे चारही कोपरे शाबूत होते. कडांवर ओरखडाही नव्हता. तडे काचेच्या मधोमध एका बिंदूतून निघून सगळीकडे पसरले होते. त्या बिंदूवर खसखशीच्या दाण्याएवढा खळगा होता. त्याच्या शेजारी, एका ओळीत, सारख्या अंतरावर आणखी दोन. ते उथळ होते. त्यांनी काच फुटली नव्हती.

असे खळगे ती लहानपणापासून पाहत आली होती. लोखंडाला भोक पाडण्याआधी जागा पक्की करायला वडील टोकदार पोलादी पंच उभा धरायचे आणि त्यावर हातोडी मारायचे. एकच घाव, तोही नेमका. इथे तीन लागले होते. पहिला इतका हलका, की हात मध्येच थांबला असावा. दुसरा जरा धीर करून मारलेला.

तिने पहिल्या खळग्यावर नख ठेवलं आणि वर पाहिलं. वडील तिच्या नखाकडेच बघत होते.

तिने तक्त्याची घडी केली.

"दोन वर्षांवाला द्या," ती विक्रेत्याला म्हणाली.

वडिलांनी हातातला फोन काउंटरवर ठेवला. सहा वर्षांवाला, जड असलेला, उचलून तिच्यापुढे केला.

"नको बाळ, हाच घे," ते म्हणाले. "हा आता फुटायचा नाही."