सात हजार फुटांवरचं घर

सुभाषरावांनी निवृत्तीनंतर राहायला थेट जॉर्जियातल्या एका डोंगरगावात घर घेतलं, आणि ते निघालं सात हजार फुटांवर. मृणालिनीची फुप्फुसं आधीच तोळामासा. पाच हजार फुटांच्या वर राहायचं नाही, असं डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून वर्षापूर्वीच बजावलेलं.

"घेताना उंचीचं डोक्यातच आलं नाही गं," सुभाषराव कपाळावर हात मारून घेत म्हणाले होते. उलट तिनेच त्यांची समजूत काढली.

"माझ्यापायी मन मारू नका. तुम्ही जा खुशाल. मी राहीन इथेच, मीरा रोडला."

आज ती त्यांच्या बॅगेत मेतकुटाचा डबा बसवत होती, तेवढ्यात घराचा एजंट रोशन किल्ल्या घेऊन आला. सुभाषराव केस कापायला गेले होते. रोशनपुढे चहा ठेवत तिने आपलं सहज विचारलं, "जरा खालच्या अंगाला नव्हतंच का रे एखादं?"

"होती ना काकू! तीन होती, एकदम मस्त, आणि स्वस्तपण. पण काकांची पहिल्या दिवसापासून एकच अट होती, पाच हजार फुटांच्या खालचं काही दाखवायचंच नाही."