आग्रह

जर्मन विहीणबाईंनी मुद्दाम अंडं न घालता केलेला प्लमचा केक पुढे केला. सिंधूताई हसून "नको, नको" म्हणाल्या. पहिल्या विचारण्याला कुठला पाहुणा हो म्हणतो? विहीणबाईंनी मान डोलावली आणि केक झाकून आत नेला.

सिंधूताईंना चुटपुट लागून राहिली. "आई, इथे नको म्हणजे नकोच," श्रीरंग हसत म्हणाला. "हवं असेल तर लगेच हो म्हणायचं. कुणी आग्रह करत बसत नाही."

त्या शहाण्या झाल्या. आंबट कोबी, काळा पाव, बटाट्याचे गोळे, समोर येईल त्याला हो म्हणत गेल्या. विहीणबाई खुलल्या. दोघी परसात प्लम वेचायला जाऊ लागल्या, एकीला दुसरीची भाषा येत नसली तरी. नात तर या नव्या आजीच्या हातचा वरणभात खाल्ल्याशिवाय झोपेना.

निघायच्या आदल्या दिवशी त्या साड्यांच्या घड्या करत होत्या. श्रीरंग दाराशी येऊन म्हणाला, "आई, अजून महिनाभर राहतेस का? तिकीट बदलता येईल."

आनंद त्यांच्या पोटात मावेना. तरी तोंडातून निघून गेलं, "नको रे, उगाच तुमची अडचण."

आता तो म्हणेल, कसली अडचण, राहा गुपचूप. लहानपणी हाच पोरगा तीनदा आग्रह केल्याशिवाय दुसरी पोळी घ्यायचा नाही. अर्धी घडी हातात धरून त्या थांबल्या.

"बरं, तुला हवं तसं," श्रीरंग म्हणाला, आणि वजन करायला त्यांची बॅग खाली घेऊन गेला.